नकुशी : एका नावाचा इतिहास

मुलींच्या नावांच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. नद्या, फुले, नक्षत्रे, देवता, संतस्त्रिया, पुराणांतील नायिका अशा अनेक दिशांनी ही नावे मराठी घरांत आली. वापराने मात्र त्यांतील बहुतेकांचे अर्थ झोपी गेले आहेत. वैशालीला हाक मारताना लिच्छवींची नगरी कुणाला आठवत नाही, आणि रेवतीला बोलावताना आकाशाकडे कुणाची नजर जात नाही. नाव म्हणजे केवळ खूण, एवढाच त्याचा व्यवहार उरतो. या सर्वसाधारण नियमाला अपवाद असलेले एक नाव पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अनेक पिढ्या चालत आले. त्याचा अर्थ कधीच झोपी गेला नाही, कारण ज्या शब्दातून ते घडले तो शब्द मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून शंभर वेळा येतो. हे नाव म्हणजे नकुशी.

व्याकरणाच्या दृष्टीने या नावात गूढ असे काही नाही. ‘नको’ या अव्ययाला सादृश्य दाखविणारा ‘सा’ हा प्रत्यय लागला की ‘नकोसा’ होतो; ‘असा’चे ‘अशी’ आणि ‘तसा’चे ‘तशी’ व्हावे त्याच रीतीने स्त्रीलिंगी रूप ‘नकोशी’ होते. ‘हवासा–हवीशी’ ही त्याची विरुद्धार्थी जोडी. ग्रामीण उच्चारात मधला ओकार आखडून ‘नकुशी’ हे रूप रूढ झाले आणि पुढे ‘नकुसा’, ‘नकुशा’ अशी रूपेही नोंदींत आली. ‘नको’ हा शब्द इतका खास दक्षिणी की मराठीच्या सहवासात वाढलेल्या दखनी भाषेनेही तो जसाच्या तसा उचलला. नकार सांगणारे शब्द सगळ्याच भाषांत असतात. पण त्यापासून माणसाचे विशेषनाम घडावे, आणि तेही बारशाच्या दिवशी, पाळण्याभोवती जमलेल्या बायकांच्या साक्षीने आत्याने बाळाच्या कानात सांगावे, ही घटना विचार करण्यासारखी आहे.

हे नाव सहसा पहिल्या मुलीला मिळत नसे. दुसरी, तिसरी किंवा चौथी मुलगी झाली आणि घरात मुलगा नसला की ते पुढे येई. या मुलीचे नाव ‘नकोशी’ ठेवले म्हणजे पुढचे अपत्य मुलगा होतो, अशी त्यामागची समजूत होती. म्हणजे नाव जिला मिळे तिच्याशी त्या नावाचा फारसा संबंधच नसे. ते देवाला किंवा दैवाला उद्देशून केलेले एक निवेदन असे: मुली पुरे झाल्या, आता मुलगा दे. नाव ठेवणाऱ्यांची दृष्टी तिच्यानंतर यायच्या, अजून न जन्मलेल्या मुलाकडे लागलेली असे. निवेदन पोचविण्याचे साधन तेवढी ती मुलगी होई, आणि ते साधन मग जन्मभर त्याच नावाने ओळखले जाई.

ही प्रथा एकट्या महाराष्ट्राची आहे, असे मानण्याचे कारण नाही. भारताच्या निरनिराळ्या भाषांत याच अर्थाची नावे आढळतात. बंगालीत ‘आन्नाकाली’ हे नाव आहे. ते ‘आर ना, काली’, म्हणजे ‘काली माते, आणखी नको’, या विनवणीचे आटोपशीर रूप होय. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या १९१४ च्या ‘परिणीता’ या कथेत गुरुचरण या गरीब कारकुनाला पाचवी मुलगी झाल्याचे वर्तमान आरंभीच येते, आणि त्याच्याच घरातल्या एका लहान मुलीचे नाव आन्नाकाली आहे. तिच्या बाहुलीच्या लग्नातून कथेला निर्णायक वळण मिळते. बंगाली वाचकाला त्या नावाचा खुलासा करावा लागला नाही, यावरून त्याची ओळख किती घरगुती होती ते कळते. राजस्थानात आणि माळव्यात ‘धापू’ हे नाव मिळते. ‘धापना’ म्हणजे पोट भरणे, तृप्त होणे; धापू म्हणजे ‘आता पोट भरले’. हरियाणात ‘भतेरी’ म्हणजे ‘पुष्कळ झाल्या’. तमिळमध्ये ‘वेण्डाम्’ म्हणजे सरळ ‘नको’, आणि ‘पोदुम्पोण्णु’ म्हणजे ‘पुरे झाली मुलगी’. भारताबाहेर चीनमध्येही ‘जाओदी’, ‘लायदी’ यांसारखी मुलींची नावे प्रचलित होती, आणि ‘धाकट्या भावाला बोलाव’, ‘धाकटा भाऊ येवो’ असे त्यांचे अर्थ होतात. भाषा, धर्म आणि प्रांत वेगळे असूनही जिथे वंश, शेती आणि म्हातारपणाचा आधार ही तिन्ही मुलाच्या हाती सोपविलेली आहेत, तिथे हे नाव कोणत्या ना कोणत्या शब्दात उगवलेले दिसते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेतला पाहिजे. वाईट अर्थाची नावे मुलग्यांनाही ठेवली जात, मग नकुशीचेच वेगळे काय, असा तो आक्षेप आहे. मराठीत दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी ही नावे आहेतच. बंगालीतील ‘पाँचकडी’ म्हणजे पाच कवड्यांना विकत घेतलेला. पंजाबी विशेषनामांवर रिचर्ड कार्नाक टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात अशा हीनार्थी नावांचा विचार केलेला आहे. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे नवे मूल दृष्ट लागण्याजोगे नाही, त्याची किंमत केराइतकी किंवा धोंड्याइतकीच आहे, असे मृत्यूला भासविण्यासाठी ही नावे ठेवीत. मुलींनाही धोंडूबाई, दगडाबाई, भिकाबाई अशी नावे मिळाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात शस्त्र हाती घेतलेल्या मराठवाड्यातील दगडाबाई शेळके यांचे नाव इतिहासात आदराने घेतले जाते.

परंतु दगडू आणि नकुशी या दोन नावांत महत्त्वाचा फरक आहे. दगडू हे नाव खोटे बोलण्यासाठी ठेवलेले असते. आई-बापाला मूल प्राणापलीकडे प्रिय असते, म्हणूनच ते दगड असल्याचे सोंग करावे लागते. नावाचा अर्थ जितका हीन तितकी माया अधिक. नकुशी या नावात सोंग नाही. तिथे जे म्हणायचे आहे तेच म्हटलेले असते. पहिल्या नावाने मूल दैवापासून लपविले जाते, आणि दुसऱ्याने मुलीचे नकोसेपण दैवाच्या कानी घातले जाते. ‘नथू’ या नावाने तर हा फरक आणखी उघडा पडतो. मुलगे दगावणाऱ्या घरात नव्या मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालीत, म्हणजे मृत्यू त्याला मुलगी समजून सोडून देईल. मृत्यूलासुद्धा मुलीचे मोल वाटणार नाही, या गृहीतकावर ती युक्ती उभी होती. मुलाच्या रक्षणासाठी मुलीचे रूप पांघरणारा समाज आणि मुलीला नकुशी म्हणणारा समाज हा एकच होता.

या मनोवृत्तीची मुळे जुन्या वाङ्मयातही सापडतात. ऐतरेय ब्राह्मणातील हरिश्चंद्राच्या आख्यानात पुत्रहीन राजा पुत्राचे प्रयोजन विचारतो, तेव्हा नारद पुत्राला प्रकाश म्हणतो आणि कन्येला दुःख. त्याच आख्यानात अजीगर्त नावाच्या दरिद्री ब्राह्मणाचे तीन मुलगे येतात: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ ‘कुत्र्याचे शेपूट’. दगडू-केरबांची परंपरा किती दूर जाते, याचा हा एक विलक्षण नमुना मानता येईल. पुढे यज्ञासाठी बळी म्हणून मुलगा विकण्याची वेळ येते. बाप थोरल्याला सोडीत नाही, आई धाकट्याला सोडीत नाही, आणि मधला शुनःशेप शंभर गाईंच्या मोबदल्यात दिला जातो. तो वाचल्यावर विश्वामित्र त्याला आपला पुत्र मानतो आणि त्याचे नाव देवरात, म्हणजे देवाने दिलेला, असे होते. घरच्यांना नकोसा झालेल्या मुलाला नवे घर आणि नवे नाव एकाच वेळी मिळाले, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडणारी आहे.

धर्मशास्त्राने मुलींच्या नावांसाठी नियम केले होते. पारस्कर गृह्यसूत्रानुसार मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ते उच्चाराला सोपे, कठोर अर्थ नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वादासारखे असावे, असे सांगितले आहे. या कसोट्यांवर ‘नकुशा’ हे नाव तपासले तर त्यातील दैवदुर्विलास ध्यानात येतो. अक्षरे तीन, म्हणजे विषम, शेवट आकारान्त, उच्चार सोपा, अर्थ इतका स्पष्ट की शेंबड्या पोरालाही कळावा. शास्त्राच्या बाह्य अटी जवळजवळ सर्व पुऱ्या होतात. कोमल अर्थ, मांगल्य आणि आशीर्वाद एवढेच राहून जाते. स्वतः नियम करणाऱ्या परंपरेला मुलीचे नाव मंगल असावे असे वाटत होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. नकुशी हे नाव शास्त्राने दिले नाही. ते हुंडा, जमिनीची वाटणी आणि वंशाचा दिवा या रोजच्या हिशेबातून आले.

या हिशेबाचे सर्वांत क्रूर रूप म्हणजे कन्याहत्या. जोनाथन डंकन याने १७८९ मध्ये बनारस इलाख्यातील राजकुमार राजपुतांत ही चाल असल्याची नोंद केली, आणि पुढे १८७० मध्ये कन्याहत्या प्रतिबंधाचा कायदा झाला. त्या पार्श्वभूमीवर पाहिले तर नकुशी या नावात एक कडवट दिलासाही आहे. नकुशी जगली. तिला दूध मिळाले, पाळणा मिळाला, बारसे झाले. तिच्या घराने तिला नाकारले ते शब्दाने. जीव घेऊन नव्हे. अशा अनेक घरांत पुढे तिच्यावर माया जडली असेल, हाक मारताना आईला अर्थाची बोचही लागली असेल. पण मुलगी शाळेत गेली, हजेरीपटावर ते नाव मोठ्याने वाचले गेले, आणि वर्गात हसू फुटले, की घराची माया तिच्या मदतीला येत नसे.

परंपरेने यातून सुटकेची एक वाट ठेवली होती, ती म्हणजे लग्न. ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची चाल महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. स्वतःचे आवडते नाव गमावणाऱ्या असंख्य मुलींना ती चाल जाचक वाटली, आणि ते योग्यच होते. नकुशीला मात्र त्याच ताटात कदाचित पहिल्यांदा मंगल अर्थाचे नाव मिळे. जन्मदात्या घराने न दिलेले नाव सासरने द्यावे, इतकी तिची स्थिती परस्वाधीन होती.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात या नावाच्या इतिहासाला अनपेक्षित वळण लागले. गर्भजलपरीक्षा आणि पुढे सोनोग्राफी यांमुळे मूल मुलगा की मुलगी हे जन्माआधीच कळू लागले. १९८० च्या दशकात मुंबईतील स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध चळवळ उभारली. तिच्या परिणामी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला, आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला व २००३ मध्ये अधिक कडक झाला. तरीही शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची देशातील संख्या १९९१ मध्ये ९४५, २००१ मध्ये ९२७ आणि २०११ मध्ये ९१९ अशी उतरत गेली. महाराष्ट्रात ती याच काळात ९४६ वरून ९१३ आणि मग ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ती ८०७ होती.

या आकड्यांचा नकुशीशी जवळचा संबंध आहे. पूर्वी नको असलेली मुलगी जन्माला येई आणि नकोसेपण तिच्या नावात उमटे. आता नको असलेली मुलगी जन्मालाच येऊ न देण्याची सोय झाली. जिचा जन्मच झाला नाही तिला नाव ठेवण्याचा प्रश्न उरत नाही. त्यामुळे नकुशी हे नाव दुर्मिळ होणे म्हणजे नकोसेपण दुर्मिळ होणे, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. शिक्षणाने, लाजेने आणि बदलत्या अभिरुचीने हे नाव मागे पडले हे खरे. परंतु ज्या दशकांत ते मागे पडत होते त्याच दशकांत मुलींची संख्याही घटत होती. हजेरीपटावर लिहिलेली नकुशी निदान मोजता येत होती.

या नावाकडे देशाचे लक्ष वेधले गेले ते २०११ मध्ये. त्याआधी २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘लागी तुझसे लगन’ या हिंदी दूरचित्रवाणी मालिकेच्या नायिकेचे नाव नकुशा होते, आणि मराठी न समजणाऱ्या घरांतही तो शब्द पोचला होता. सातारा जिल्ह्यात आरोग्य यंत्रणेने अशा नावाच्या मुलींचा शोध घेतला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात झालेल्या समारंभात २८५ मुलींना नव्या नावांची प्रमाणपत्रे आणि फुलांचे गुच्छ देण्यात आले. ठेवणीतले कपडे घालून, वेण्यांना फिती बांधून मुली रांगेत उभ्या होत्या. कुणी चित्रपटतारकेवरून ऐश्वर्या हे नाव निवडले, कुणी पुराणातील सावित्री, कुणी वैशाली. एका जिल्ह्यात एकाच अर्थाच्या नावाच्या पावणेतीनशेहून अधिक मुली सापडाव्यात, यावरून ते नाव अपवादात्मक विक्षिप्तपणातून आलेले नव्हते, ती एक रीत होती, हे सिद्ध झाले.

नाव बदलून काय साधते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. तो फार जुना आहे. पाली जातककथांतील नामसिद्धि जातकात पापक नावाचा एक शिष्य चांगल्या नावाच्या शोधात निघतो. वाटेत त्याला ज्याची प्रेतयात्रा चालली आहे असा जीवक भेटतो, मजुरी न आणल्याबद्दल मार खाणारी धनपाली नावाची दासी भेटते, आणि रस्ता चुकलेला पंथक भेटतो. नाव ही केवळ ओळखण्याची खूण आहे, असे समजून तो जुन्याच नावाने समाधानी होऊन परततो. कथेचा बोध शहाणपणाचा आहे. पण तो नकुशीला लागू पडत नाही. पापकाला ते नाव का मिळाले, याबद्दल कथा काही सांगत नाही. नकुशीला आपले नाव का ठेवले हे पुरते ठाऊक असते. तिला नावातून तिच्या गुणांविषयी काहीच कळत नाही, घरात तिला कोणते स्थान आहे एवढेच कळते. म्हणून तिच्या बाबतीत पापकाच्या समाधानापेक्षा शुनःशेपाचे देवरात होणे अधिक जवळचे वाटते. तिथेही नुसते नाव बदलले नव्हते. आपले म्हणणारे माणूस आधी पुढे आले आणि नाव त्याच्या पाठोपाठ आले.

नावापाठीमागचा हिशेब बदलण्याचे यत्न कायद्यानेही केले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि संपूर्ण देशासाठी ती २००५ मध्ये झाली. तरी जुनी दृष्टी किती चिवट आहे, याची कबुली भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत मिळते. त्या अहवालाने कुटुंबातील शेवटच्या अपत्याकडे लक्ष वेधले. शेवटचे अपत्य मुलगा असण्याचे प्रमाण स्वाभाविक प्रमाणापेक्षा बरेच अधिक आढळले. याचा अर्थ, मुलगा होईपर्यंत अपत्ये होऊ देणारी आणि मुलगा झाल्यावर थांबणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. या हिशेबाने पंचवीस वर्षांपर्यंतच्या सुमारे २ कोटी १० लाख मुली ‘नकोशा’ ठरतात, असा अंदाज त्यात मांडला आहे. आणि ज्या असायला हव्या होत्या पण नाहीत अशा स्त्रियांची संख्या सुमारे ६ कोटी ३० लाख. दिल्लीतील अर्थशास्त्रज्ञांनी इंग्रजीत जो शब्द वापरला, त्याचा मराठी प्रतिशब्द सातारच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या हाक मारण्यासाठी वापरात होता. या २ कोटी मुलींपैकी बहुतेकींची नावे सुंदर असतील. नकोसेपणाची नोंद आता भावंडांच्या क्रमात आणि शेवटच्या मुलाच्या जन्मानंतर थांबलेल्या कुटुंबाच्या आकारात वाचावी लागते.

साताऱ्याच्या समारंभाचा लाभ मुलींना झाला. वयाने मोठ्या झालेल्या अनेक नकुशाबाईंची नावे मात्र शिधापत्रिकेवर, मतदारयादीत, बँकेच्या खातेपुस्तकावर तशीच राहिली. त्यांनी शेते राखली, मुले वाढवली, म्हाताऱ्या आईबापांची सेवा केली, आणि ज्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून त्यांचे नाव ठेवले गेले त्या भावाला राखीही बांधली. या नावाचा इतिहास लिहिताना त्या सह्या आणि अंगठे विसरून चालणार नाही. कारण ज्यांना त्या नको होत्या त्यांच्या घरांचे व्यवहार अनेकदा त्याच हातांनी पुरे झाले आहेत.